पान लागण्याआधी किती लावायचं?

तीन पत्ती खेळत मोठ्या झालेल्या माणसाला पोकर पाहताना एक गोष्ट पटता पटत नाही. तीन पत्तीत तीन पानं वाटून झाली की नशिबाचा भाग संपतो. कलर लागला असेल तर लागला, नसेल तर नाही. त्यानंतरची झुंज फक्त पैशांची आणि धीराची. पोकरमध्ये मात्र पानं टप्प्याटप्प्यानं उघडतात. मध्येच असा क्षण येतो की एकाच्या हातात दोन एक्के आहेत, दुसऱ्याकडे साधी जोडीसुद्धा नाही, आणि तरीही हा दुसरा खेळाडू सगळ्या चिप्स पुढे सरकवतो. जाणत्यांना त्यात वेडेपणा दिसत नाही, कारण त्या क्षणी मागे पडलेला असतो तो एक्केवाला.

जोडीही नसलेला हात एक्क्यांच्या जोडीपुढे कसा जातो? आणि जात असेल, तर त्यानं नेमकं किती लावावं? पहिला प्रश्न शाळेतल्या गणिताचा आहे. दुसऱ्यावर मात्र जगातले उत्तम खेळाडू आणि संगणक अजून डोकं चालवत आहेत.

आधी खेळाची मांडणी

जगात सगळीकडे दिसणारा पोकरचा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांसाठी सामाईक तीन पानं एकदम उघडतात, हा फ्लॉप. चौथं पान म्हणजे टर्न, पाचवं म्हणजे रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, तो जिंकतो. एकाच रंगाची पाच पानं म्हणजे फ्लश, क्रमानं आलेली पाच म्हणजे स्ट्रेट. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. इथे उलट, फ्लश स्ट्रेटला मारतो.

दर टप्प्याला चिप्स लावण्याची फेरी होते. चिप्स लावणं म्हणजे बेट, तेवढ्याच टाकून सोबत राहणं म्हणजे कॉल, रक्कम वाढवणं म्हणजे रेज, पानं टाकून देणं म्हणजे फोल्ड. मध्ये जमलेला ढीग म्हणजे पॉट. नो-लिमिट प्रकारात कितीही लावता येतं. सगळंच लावलं तर ऑल-इन. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो बोटींवर हा खेळ चालतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मात्र २०२५ मध्ये संसदेनं केला आहे. पुढचं गणित समजून घ्यायला घरी शेंगदाणे लावून खेळलं तरी पुरतं.

पंधरा पानांचा हात

समजा तुमच्याकडे बदामची नव्वी आणि अठ्ठी आहे. फ्लॉप आला: बदाम सत्ती, बदाम छक्की, इस्पिक दुर्री. तुमचं सर्वांत मोठं पान नव्वी. जोडी नाही. पण बदाम चार झाले, एक आणखी आला की फ्लश. शिवाय छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी सलग चार पानं आहेत. वर दश्शी किंवा खाली पंजी आली की स्ट्रेट. अशा अपुऱ्या पण आशा असलेल्या हाताला ड्रॉ म्हणतात, आणि तो पूर्ण करणाऱ्या प्रत्येक पानाला आउट.

आता मोजू. तेरा बदामांपैकी चार दिसले, नऊ उरले. चार दश्श्या आणि चार पंज्या मिळून आठ. त्यातली दोन बदामाची आधीच मोजली आहेत, म्हणून सहा. एकूण १५ आउट. तुम्हाला न दिसलेली पानं ४७. पुढचं पान यांपैकी नसण्याची शक्यता ३२/४७, त्यानंतरचंही नसण्याची ३१/४६. दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता ४६ टक्के येते. म्हणजे रिव्हरपर्यंत पान लागण्याची शक्यता ५४ टक्के. समोर किलवर आणि इस्पिकचे एक्के आहेत असं धरून सगळे ९९० शेवट मोजले, तर नव्वी-अठ्ठी साधारण ५६ टक्के वेळा जिंकते. कोडं सुटलं: एक्के आज मोठे आहेत, पण निकाल दोन पानांनंतर लागायचा आहे.

कोकणातला बागायतदार कलमं मोहोरावर असताना बाग व्यापाऱ्याला देतो, तेव्हा झाडावर एकही आंबा नसतो. तरी त्या बागेला किंमत असते. मोहोर किती दाट आहे आणि फळ धरायला किती दिवस हातात आहेत, यावर ती ठरते. ड्रॉची किंमतही अशीच ठरते. आउट किती, आणि अजून किती पानं यायची आहेत.

दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. टर्नला पान लागलं नाही तर तुमच्या १५ आउटना एकच संधी उरते, १५/४६, म्हणजे ३३ टक्के. एका फुकट गेलेल्या पानानं ५४ चे ३३ झाले. म्हणूनच ताकदवान ड्रॉवर मोठी रक्कम लावायची ती शक्यतो फ्लॉपवर, दोन पानं यायची असताना. डॉइल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली. अशा हातांवर थांबून पाहण्यापेक्षा चढाई करणं हा त्यांच्या खेळाचा कणाच होता.

जिंकायचे दोन रस्ते

नुसता कॉल करणाऱ्याला जिंकायला एकच रस्ता असतो: पान लागणं. जो स्वतः लावतो त्याला दोन असतात: समोरचा फोल्ड झाला तर लगेच, आणि नाही झाला तर पान लागल्यावर. या खेळीला सेमी-ब्लफ म्हणतात. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या १९८७ च्या पुस्तकानं ही कल्पना घरोघरच्या खेळाडूंपर्यंत नेली.

दुसऱ्या रस्त्याचं मोल किती, ते आकड्यांतच पाहायला हवं. पॉटमध्ये १००० चिप्स आहेत, तुमच्याकडे १५०० उरल्या आहेत आणि तुम्ही त्या सगळ्या लावता.

पहिल्या प्रसंगी तुमच्याकडे काहीच नाही. कॉल झाला की हरलात. फोल्ड झाला तर १००० येतात, कॉल झाला तर १५०० जातात. बरोबरी साधायलाच समोरच्यानं शंभरात ६० वेळा फोल्ड व्हायला हवं. हा शुद्ध ब्लफ, आणि तो महाग पडतो.

दुसऱ्या प्रसंगी साधा फ्लश ड्रॉ आहे, नऊ आउट. एरवी तो ३५ टक्के वेळा लागतो. पण एवढी मोठी बेट कॉल करणाऱ्याकडे चांगली पानं असतात, म्हणून ३० धरू. कॉल झाला की पॉट ४००० चा होतो. त्यात तुमचा सरासरी वाटा १२००, लावलेले १५००. तोटा ३०० चा. आता बरोबरीला शंभरात २३ फोल्ड पुरतात.

तिसऱ्या प्रसंगी आपला पंधरा आउटचा हात. कॉल करणाऱ्याकडे कधी तीन सारखी पानं निघतील, कधी मोठ्या बदामांचा ड्रॉ निघेल. म्हणून ५४ ऐवजी ४५ धरू. वाटा १८०० येतो, लावलेले १५००. समोरचा एकदाही फोल्ड झाला नाही तरी सरासरी ३०० चा फायदाच. तो शंभरात ४० वेळा फोल्ड झाला तर सरासरी ५८० हाती येतात.

साठ, तेवीस, शून्य. बेट तीच, पॉट तोच. फरक फक्त पालथ्या पानांत दडलेल्या शक्यतेचा.

आकार वाढवला की काय बदलतं

समोरच्याच्या खुर्चीत बसून पाहू. तुम्ही पॉटच्या निम्मी बेट लावली, तर कॉल परवडायला त्याला २५ टक्के वेळा जिंकावं लागतं. पॉटएवढी लावली तर ३३, पॉटच्या दुप्पट लावली तर ४० टक्के. बेट जितकी मोठी तितके त्याचे कमकुवत हात गळतात. पण बेट दुप्पट केली म्हणून फोल्ड दुप्पट होत नाहीत. नेमका हिशेब ठेवणारा खेळाडू निम्म्या पॉटला शंभरात ३३ वेळा फोल्ड होईल, पॉटएवढ्या बेटला ५० वेळा, दुपटीला ६७ वेळा. रिकाम्या हातानं लावणाऱ्याची जोखीम फोल्डांच्या बरोबरीनं वाढते आणि त्याच्या पदरात जादा काही पडत नाही. पंधरा आउटवाल्याचं तसं नाही. त्याच्या जादा चिप्सचा मोठा भाग पान लागून परत येतो, म्हणून मोठी बेट त्याला पेलते.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते ड्रॉच्या सगळ्या चर्चेत तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. प्रश्न ‘किती वेळा फोल्ड होईल’ एवढाच नाही. ‘कोणता हात फोल्ड होईल’ हाही आहे. बदामच्या नव्वी-अठ्ठीसमोर किलवरचे राजा-राणी असतील, तर ते आत्ता पुढे आहेत. छोट्या बेटनं ते पळाले तरी तुमचा मोठा फायदा झाला. मोठ्या बेटनं छक्कीची जोडी पळाली तर आणखी मोठा. पण तुमच्याकडे बदामचे एक्का-राजा असते, तर राजा-राणीच्या तुम्ही आधीच पुढे होता. त्यांना पळवून हाती फारसं लागत नाही. उलट लहान बदाम घेऊन बसलेला खेळाडू सोबत राहिला तर उत्तम, कारण आणखी एक बदाम उघडला तर तो तुमच्या एक्क्याखाली सापडणार. म्हणून छोट्या पानांचा ड्रॉ फोल्डच्या शोधात असतो, आणि एक्क्याचा ड्रॉ पॉट वाढवण्याच्या. एकाच फ्लॉपवर, सारख्याच आउटवर, दोघांना सोयीची रक्कम वेगळी असू शकते.

चौकट: आकडे हाताशी

• मधलं एकच पान हवं असलेला स्ट्रेट: ४ आउट. फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत १६.५ टक्के.
• दोन्ही टोकांना उघडा स्ट्रेट: ८ आउट, ३१.५ टक्के.
• फ्लश: ९ आउट, ३५ टक्के.
• फ्लश आणि एका पानाचा स्ट्रेट: १२ आउट, ४५ टक्के.
• फ्लश आणि उघडा स्ट्रेट: १५ आउट, ५४ टक्के.
• तोंडी हिशेब: दोन पानं यायची असतील तर आउटना ४ नं गुणा, एकच असेल तर २ नं. आउट बारापुढे गेले की हे उत्तर थोडं फुगतं. पंधराला ते ६० येतं, खरं ५४.

पुढच्या फेऱ्यांची तयारी

आतापर्यंत एका झटक्यात ऑल-इनचा हिशेब केला. खऱ्या खेळात अनेकदा पाठीशी भरपूर चिप्स असतात आणि तीन फेऱ्या बाकी असतात. तेव्हा फ्लॉपवरची बेट दोन पायऱ्या पुढचं पाहून ठरवावी लागते.

पॉट १००० चा, दोघांकडे ४००० उरल्या. ड्रॉ लागला तर समोरच्याच्या सगळ्या चिप्स पॉटमध्ये आलेल्या हव्यात. म्हणजे पॉट १००० चा ९००० व्हायला हवा. तीन फेऱ्यांत हे सम प्रमाणात करायचं, तर दर वेळी पॉटच्या ५४ टक्के लावावे लागतात: ५४०, मग सुमारे ११२०, मग सुमारे २३४०. प्रत्येक बेट समोरच्याला आधीच्याइतकीच वाटते, आणि शेवटी सगळं मध्ये येतं. फ्लॉपवर काटकसर करून ३०० च लावले तर? टर्नला पॉट १६०० चा आणि हातात ३७००. त्याच पानावर ड्रॉ लागला, तर उरलेलं सगळं मध्ये आणायला आता दोन फेऱ्यांत दर वेळी पॉटच्या सुमारे ६९ टक्के अशा जड बेट लावाव्या लागतील, आणि नेमका तेव्हाच टेबलावर तिसरा बदाम झळकत असेल. फ्लश सगळ्यांना दिसतो. तिसरा बदाम पडला की एका जोडीवाला हात आखडतो. स्ट्रेट त्या मानानं लपून राहतो. दश्शी पडल्यावर समोरच्याच्या मनात अठ्ठी-नव्वी सहज येत नाही. म्हणून उघडपणे लागणाऱ्या ड्रॉचा पॉट आधी वाढवायचा, आणि झाकून लागणाऱ्याला नंतरही पैसे मिळण्याची आशा धरायची.

कधी थांबायचं

प्रत्येक ड्रॉवर चिप्स ओतायच्या नसतात. सगळ्यात मोठी नामुष्की म्हणजे चांगला ड्रॉ असताना स्वतः बेट लावून दार उघडायचं, आणि समोरच्याच्या मोठ्या रेजमुळे पान न पाहताच फोल्ड व्हायचं. पस्तीस टक्क्यांचा वाटा तिथेच सोडून यावं लागतं.

पॉट १०००, तुमच्याकडे २५००. तुम्ही ७०० लावले, समोरचा ऑल-इन गेला. आणखी १८०० टाकून एकूण ६००० चा पॉट. ३० टक्के पुरतात. पंधरा आउटवाला डोळे झाकून कॉल करतो. नऊ आउटवाला काठावर येतो. आणि पाठीशी १०,००० असत्या, समोरून तशाच प्रमाणात भक्कम रेज आला असता, तर नऊ आउटवाल्याचं कठीणच होतं. म्हणून मधल्या ताकदीचे ड्रॉ अनेकदा चेक करतात, म्हणजे न लावता फेरी पुढे जाऊ देतात, आणि स्वस्तात पान पाहतात.

याचीच दुसरी बाजू नवख्यांना उलटी वाटते. चार आउटचा कमकुवत ड्रॉ बेट लावायला काही वेळा जास्त सोयीचा असतो. रेज आला तर तो शांतपणे फोल्ड होतो. गमवायला फार काही नव्हतं. आणि कधीतरी ते एक पान लागलंच, तर ते समोरच्याच्या स्वप्नातही नसतं. सर्वांत ताकदवान आणि बऱ्यापैकी कमकुवत असे दोन्ही टोकांचे ड्रॉ चढाई करतात, मधले जपून असतात.

आणखी एक सावधगिरी: आउट मोजताना ते खरे आहेत का ते पाहायला हवं. तिर्री-पंजीच्या बदामांवर फ्लश लागला तरी समोर मोठ्या बदामांचा फ्लश असू शकतो. चिप्स जितक्या जास्त, तितका हा दुसऱ्या क्रमांकाचा फ्लश महाग पडतो. अशा ड्रॉचे नऊ आउट नऊ मोजू नयेत.

एकच रक्कम, दोन पोटं

ड्रॉवर नेहमी मोठी बेट आणि तीन सारखी पानं असताना नेहमी छोटी, असं कुणी खेळू लागला, तर चार डावांत त्याचं पुस्तक उघडं पडतं. म्हणून ज्या आकारानं भक्कम हात खेळायचा, त्याच आकारानं ड्रॉ खेळायचा. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या खेळ-सिद्धांताच्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र विभाग दिला आणि दाखवलं की ब्लफ हा स्वभावाचा भाग नाही, ती गणिताची गरज आहे. भक्कम हातांना पैसे मिळत राहण्यासाठी काही पोकळ हातही त्याच वेषात फिरावे लागतात. ड्रॉ ही जागा सर्वांत चांगली भरतो, कारण तो पूर्ण पोकळ नसतो.

रकमेचं हे कोडं किती खोल आहे, ते संगणकांनी दाखवलं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रणालीनं २०१५ मध्ये दोन खेळाडूंचा लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. पण लिमिटमध्ये बेटचा आकार नियमानंच ठरलेला असतो. आकार मोकळा सोडला की निर्णयांच्या जागा एकावर १६१ शून्यांइतक्या होतात. त्या नो-लिमिटमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटसनं २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गला चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. पॉटच्या कितीतरी पट मोठ्या बेट तो भक्कम आणि पोकळ, दोन्ही हातांनी लावत होता, आणि माणसांना सर्वांत जास्त त्रास त्याचाच झाला.

लास व्हेगास, २००३

ड्रॉवरच्या बेटचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीजचं आहे. ८३९ खेळाडूंतून शेवटी दोघे उरले होते: टेनेसीतला हिशेबनीस ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅमी फरहा. पहिलं बक्षीस २५ लाख डॉलर.

मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती. फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदाम नव्वी. फ्लॉप: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फरहाला सर्वांत वरची जोडी लागली. दोघांनीही चेक केलं. टर्नला इस्पिक अठ्ठी आली. मनीमेकरकडे अजून जोडी नाही, पण इस्पिक चार, आणि छक्की ते नव्वी सलग चार. वर मोजले तेच पंधरा आउट, फक्त आता एकच पान बाकी.

फरहानं ३ लाख चिप्स लावल्या. पॉट ५ लाखांच्या आसपास गेला. मनीमेकरनं ८ लाखांपर्यंत रेज केला. रिकाम्या हातानं हा रेज करायला शंभरात ६१-६२ फोल्ड लागले असते. एक तृतीयांश वेळा पान लागणार असल्यानं, रिव्हरवर पुढे काही लावलं जाणार नाही असं धरलं, तरी त्याला ३० पुरत होते. फरहानं कॉल केला. पॉट १८ लाखांचा झाला.

रिव्हर बदाम तिर्री. काहीच लागलं नाही. फरहानं चेक केलं आणि मनीमेकर ऑल-इन गेला. आता आउट शून्य. हा शुद्ध ब्लफ. पण टर्नवरच्या रेजनं त्याची गोष्ट आधीच सांगून ठेवली होती: माझा फ्लश टर्नलाच लागला आहे. आणि हातातला इस्पिकचा राजा, जो फ्लश पूर्ण करू शकला नव्हता, तो इथे कामाला आला. तो त्याच्याकडे असल्यामुळे फरहाकडे राजाचा फ्लश असणं अशक्य होतं. हुकलेल्या ड्रॉमधून ब्लफसाठी हात निवडताना आजचे खेळाडू हेच पाहतात: माझ्या पानांमुळे समोरच्याचा कॉल करण्याजोगा हात कमी होतो, की फोल्ड होण्याजोगा? फरहानं बराच विचार केला आणि नव्व्यांची जोडी टाकून दिली.